फाईल तपासायची की पोरगं?

मागच्या अंकात मी चार ओळीच लिहिल्या होत्या, की घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचं आता काय करायचं, हातात चॅटजीपीटी असताना आपण मार्क नक्की कशाला देतोय, शिक्षकांनी मला कळवा. एवढे मेसेज आले की दोन दिवस वाचतच होते. शिक्षकांबरोबर पालकांनी आणि मुलांनीही लिहिलंय, त्याचं जास्त बरं वाटलं. सगळे घेता येणार नाहीत. सहा घेतलेत, नावं काढून टाकलीत, गावं तेवढी ठेवलीत.

गडहिंग्लजहून एक प्राध्यापिका लिहितात : मॅडम, मी भूगोल शिकवते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला ८४ मुलं आहेत. इंटर्नलला 'कोल्हापूर जिल्ह्यातील महापूर : कारणे व उपाय' हा विषय दिला, २० मार्काला. फाईली आल्या आणि त्यातल्या पन्नासेक फाईलींत तेच तेच, 'बहुआयामी दृष्टिकोन', 'शाश्वत उपाययोजना', शेवटी 'निष्कर्षतः'. वर्गात साधं नदीचं नाव विचारलं तरी खाली मान घालणाऱ्या पोराची फाईल सगळ्यात भारी. सगळ्यांना शून्य द्यावं असं वाटतंय. आणि पुढच्या वर्षी विषय तरी काय देऊ?

मॅडम, शून्य देऊ नका. राग येणं साहजिक आहे, मलाही आला असता, पण आधी तुमच्या विषयाकडेच एकदा बघा. 'महापूर : कारणे व उपाय' हे गडहिंग्लजच्या पोराला विचारलं काय आणि पाटण्याच्या पोराला विचारलं काय, उत्तर सारखंच येणार, कारण त्या प्रश्नात ते पोरगं कुठंच नाही. चॅटजीपीटी बाजारात आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, पण हा रोग त्याच्या आधीचा आहे. मी ३१ वर्षं हाच विषय शिकवला आणि आमच्या काळात कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळायचे, नाव बदलायचं, बाईंडिंग करायचं आणि आणून द्यायचं. एका वर्षी बारा फाईलींत एकाच ओळीत एकच टायपिंगची चूक होती. तरी आम्ही मार्क दिले, कारण फाईल जाड होती आणि अक्षर नीट होतं, आणि ते आमचं चुकलंच. तेव्हा बारा पोरं करायची ते आता पन्नास करतात आणि दुकानात पन्नास रुपये द्यावे लागायचे ते आता फुकट होतं, फरक एवढाच.

चॅटजीपीटीसारखी ही एआयची यंत्रं काय करतात ते थोडं समजून घेऊ, म्हणजे विषय कसा द्यायचा ते आपोआप कळेल. त्यांनी आजवर लिहिला गेलेला अफाट मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून पुढचा शब्द कुठला यायची शक्यता जास्त, असं बघत बघत ती वाक्य बांधतात. म्हणजे ज्याच्यावर भरपूर लिहून झालंय ते त्यांना छान येतं. ज्याच्यावर कुणी काहीच लिहिलेलं नाही तिथं ती गप्प बसत नाहीत, तिथं ती शोभेल असं काहीतरी रचून देतात. अमेरिकेत २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले तसेच सादर केले, ते खटले कधी झालेच नव्हते, आणि त्यांना ५,००० डॉलर दंड बसला. शिकलेले वकील फसतात तिथं आपली बीएची पोरं काय.

आता तुमच्या त्या पन्नास फाईली पुन्हा काढा आणि एकच बघा, त्यात नदी कुठली आहे? माझी खात्री आहे की बहुतेकांत पंचगंगा असणार, कारण कोल्हापूरचा पूर म्हटलं की सगळीकडं पंचगंगेवरच लिहिलेलं आहे, कासारी कुंभी तुळशी भोगावती, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे सगळं. आणि तुमची मुलं राहतात हिरण्यकेशीच्या खोऱ्यात! आंबोलीकडं उगम पावते, तुमच्या दारातनं जाते आणि पुढं कर्नाटकात घटप्रभेला मिळते. पंचगंगेचा आणि तिचा काही संबंध नाही, पंचगंगा जाते नरसोबावाडीला कृष्णेत. पोरानं स्वतः खिडकीतनं जे पाणी बघितलंय ते त्याच्या फाईलीत नाही. मला वाईट वाटलं ते कॉपीपेक्षा ह्याचं.

म्हणून पुढच्या वर्षी विषय असा द्या. आपल्या गल्लीत नाहीतर गावात २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते शोधा, खूण दिसत नसली तर घरातल्या माणसांना विचारा, जोत्यापासून टेपनं मोजा, पाच घरं घ्या. एकाच गल्लीत दोन घरांत फरक का पडला ते तुमच्या शब्दांत सांगा. गल्लीचा नकाशा हातानं काढा, उतार कुठल्या बाजूला आहे, गटार कुठं तुंबतं, कुणी भराव टाकलाय हे दाखवा. ज्यांच्या गावात पूर येत नाही त्यांनी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी बघावं, टँकर बघावा, चढावरच्या शेतातली माती कुठं वाहून गेली ते बघावं, नुसता पूरच कशाला. आणि हे काम कोरड्या दिवसांत द्या, पावसाळ्यात पोरांना नदीकडं पाठवायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा.

मग शेवटचा भाग. तोच प्रश्न एआयला विचारा, त्याचं उत्तर फाईलीत चिकटवा आणि तुमच्या गल्लीच्या बाबतीत ते कुठं चुकलं, कुठं बरोबर निघालं आणि तुम्हाला न सुचलेलं त्याला काय सुचलं, हे लिहा. मोबाईल लपवायची गरजच राहत नाही आणि पोराला पहिल्यांदा कळतं की त्या यंत्राला जे माहीत नाही ते मला माहीत आहे. आपल्या खेड्यातल्या मुलांना हे कळणं फार फार गरजेचं आहे, ती पोरं इंग्रजीच्या आणि शहराच्या धाकानं आधीच दबलेली असतात.

आता तुम्ही म्हणाल की हे पण ते बनवून देईल. हो, देईल. पाच घरांची खोटी मापं, खोट्या मुलाखती, आता तर फोटोसुद्धा. म्हणून नुसता विषय बदलून भागणार नाही, मार्क कशाला द्यायचे ते बदलावं लागेल. तुम्ही गुऱ्हाळ बघितलं असेलच. गुळव्या काय करतो, काहिलीत पाक उकळत असतानाच थेंब पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, चुलाणात चिपाडं कमी घाला का जास्त घाला ते तिथंच सांगतो. गुळाचा रवा घट्ट झाल्यावर नुसता बघून काय उपयोग, तेव्हा फक्त भाव ठरतो. आपण इतकी वर्षं फक्त रवा, म्हणजे तयार फाईल, बघत आलोय.

तुमचे २० मार्क मी असे वाटले असते : स्वतःचा प्रश्न आणि कुठली पाच घरं निवडली ते ठरवून आणलं की ३, जागेवर घेतलेल्या कच्च्या नोंदी, खाडाखोड असली तरी चालेल, उलट असावीच, त्याला ६, पहिला मसुदा वर्गात आणून शेजारच्याला वाचायला दिला त्याला ४, त्यानंतर काय बदललं आणि का, हे अर्ध्या पानात, ३, आणि समोर बसवून चार मिनिटं बोलणं, त्याला ४. पक्क्या फाईलीला वेगळे मार्क नाहीतच. बोलताना 'तुझं काम सांग' असं विचारू नका, ते पाठ करून येतात. 'तिसऱ्या घरातल्या आजी काय म्हणाल्या?', 'टेप कुणी धरली होती?', 'हे माप तू सोडून का दिलंस?' असं विचारा. जो तिथं गेलाय तो सांगत सुटतो, त्याला थांबवावं लागतं. जो गेला नाही तो दुसऱ्या प्रश्नाला अडकतो. एवढं ऐकायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

८४ गुणिले ४ म्हणजे ३३६ मिनिटं, साडेपाच तास होतात, मला माहीत आहे. पण ८४ जाड फाईली वाचायला तुम्हाला किती लागतात? एका फाईलीला दहा मिनिटं धरली तरी चौदा तास होतात. पक्क्या फाईलीचं वाचन कमी करा आणि तो वेळ बोलण्याला द्या. आणि ह्या वर्षीच्या त्या फाईलींचं म्हणाल तर सगळ्यांना परत द्या, एक पान हातानं वर्गात लिहून घ्या, 'माझ्या फाईलीतलं मला पटलेलं एक कारण आणि न पटलेलं एक', आणि मार्क त्यावर द्या. जे पोरगं नदीचं नाव सांगताना खाली बघतं त्याला आधी त्याच्या घराजवळचा ओढा कुठला ते विचारा. बहुतेक ते सांगेल.

इचलकरंजीहून एक वडील लिहितात : मॅडम मी लूमवर काम करतो, शिक्षण माझं नववीपर्यंत. मुलगी बीएस्सीला आहे, मराठी माध्यमातून शिकलेली. इंग्लिशमधला निबंध तिनं दोन रात्री बसून डिक्शनरी घेऊन लिहिला, मी रात्रपाळीवरून आलो तेव्हा ती लिहीतच होती, मी डोळ्यांनी बघितलंय. सरांनी तो कुठल्यातरी वेबसाईटवर टाकला आणि ८७ टक्के एआय आलं म्हणून शून्य दिलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आम्ही काय करायचं?

भाऊ, तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. आधी मुलीला सांगा की तिची काही चूक नाही आणि तिच्यासारखं झालेली मुलं जगभर आहेत.

ह्या तपासणाऱ्या वेबसाईटला डिटेक्टर म्हणतात. लिहिलेल्यात पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे त्या मुख्यतः बघतात. शब्द सरळ, साधे, अपेक्षित असले की त्यांना वाटतं हे यंत्रानं लिहिलंय. आता जी मुलगी डिक्शनरी घेऊन, चूक होऊ नये म्हणून जपून इंग्रजी लिहिते, तिची वाक्यं साधी आणि अपेक्षितच असणार की! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच तपासलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल ह्या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध घेतले, माणसांनी लिहिलेले, आणि सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे म्हणून निघाले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. म्हणजे हा काटा कुणाच्या विरुद्ध झुकतो ते बघा.

आणि खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच असं एक यंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. कंपनीनंच सांगितलं होतं की एआयनं लिहिलेल्या शंभरातले २६ च ते पकडतं आणि माणसानं लिहिलेल्या शंभरातल्या ९ वर खोटा आळ घेतं. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद केलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन ह्या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एआय ओळखण्याचा भाग बंद करून टाकला, त्यांचा हिशोब सरळ होता, वर्षाला ७५,००० पेपर येतात, शंभरात एक जरी चुकला तरी साडेसातशे मुलांवर खोटा आरोप.

तर करायचं काय? मुलीनं कच्चं लिहिलेली वही, खोडलेली पानं, काहीही असेल ते जपून ठेवा, फेकू नका. गुगल डॉक्सवर टाईप केलं असेल तर त्यात व्हर्जन हिस्ट्री असते, कुठल्या दिवशी किती वाजता काय लिहिलं ते दिसतं, ते उघडून ठेवायला सांगा. मग तुम्ही दोघं जाऊन सरांना भेटा, आवाज न चढवता. मुलीनं एवढंच म्हणावं की सर, मला ह्याच निबंधावर काहीही विचारा, नाहीतर ह्याच विषयावर तुमच्यासमोर बसून एक पान लिहिते. बहुतेक सर तिथंच ऐकतील, शिक्षक वाईट नसतात, त्या टक्क्याच्या आकड्यानं घाबरलेले असतात. नाहीच ऐकलं तर विभागप्रमुख, मग प्राचार्य, आणि सगळं लेखी, त्या अर्जाची पोच घ्यायची. 'टक्का सोडून दुसरा पुरावा काय आहे' हा एकच प्रश्न विचारत राहा.

आणि हे वाचणाऱ्या शिक्षकांना हात जोडून सांगते, असल्या आकड्यावर कुणाला शून्य देऊ नका. शंका आली तर मुलाला बोलवा, दार लावून एकट्याला, वर्गासमोर नको. चार प्रश्न विचारा. तुमचे कान आणि डोळे त्या वेबसाईटपेक्षा कितीतरी बरे आहेत, फक्त त्यांना पोरासमोर बसवा, कागदासमोर नको. कागदावरून आपल्यालाही ओळखू येत नाही हे खरंच आहे, इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात संशोधकांनी खोट्या विद्यार्थ्यांच्या नावानं एआयची उत्तरं परीक्षेला घुसवली होती, २०२४ मध्ये निकाल छापून आला, ९४ टक्के उत्तरं तपासणाऱ्यांच्या लक्षातच आली नाहीत आणि मार्कही खऱ्या मुलांपेक्षा सरासरीनं जास्त पडले.

कोल्हापुरातून, राजारामपुरीतून, एक ज्येष्ठ प्राध्यापक : एवढा खटाटोप कशाला? सगळं रद्द करा, हॉलमध्ये बसवा, तीन तास, पेन आणि कागद. आमच्या वेळी तेच होतं आणि आम्ही घडलोच ना.

सर, तुमचं निम्मं मला पटतं. काही गोष्टी देखरेखीखालीच बघायला हव्यात. नर्सिंगच्या मुलीला औषधाचा डोस मनात काढता येतो का, मराठीच्या विद्यार्थ्याला न बघता कविता उलगडता येते का, हे घरी देऊन कळणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठानं दोन वाटा केल्यात, एका वाटेवर समोर बसवून खात्रीशीर परीक्षा, आणि दुसऱ्या वाटेवर एआय उघड वापरायची मुभा, कारण तिथं बंदी घातली तरी ती पाळली जातेय का ते कुणाला कळतच नाही. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते. जी बंदी आपण तपासूच शकत नाही ती घालू नये, त्यानं फक्त खरं वागणाऱ्या पोराचं नुकसान होतं.

पण सगळंच तीन तासांच्या हॉलमध्ये कोंबायला माझा विरोध आहे. तीन तासांत भरभर लिहिणं आणि आठवणं कळतं. पंधरा दिवस एका गोष्टीमागं लागणं, चुकणं, परत जाणं, माणसांशी बोलणं हे कळत नाही, आणि आयुष्यात पुढं तेच लागतं. शिवाय हॉलमधले प्रश्नही 'टीपा लिहा' आणि 'सविस्तर स्पष्ट करा' असलेच राहणार असतील तर गाईड पाठ करणारा आणि एआय वापरणारा ह्यात मला तरी काही फरक दिसत नाही. आणि सर, आपल्या वेळी पाठांतर न जमलेली जी मुलं मधेच सुटली ती कुठं गेली हे आपण कधी विचारलं नाही.

राधानगरी तालुक्यातून बीएची विद्यार्थिनी : मॅडम मी एआयकडून धडा समजून घेते, मग स्वतः लिहिते, शेवटी त्याच्याकडून शुद्धलेखन तपासते. ही कॉपी आहे का? मैत्रिणी म्हणतात गप बस, कुणाला सांगू नको.

बाळा, समजून घेणं ही कॉपी नाही. कुणी दादानं समजावलं असतं तर तू त्याला कॉपी म्हणाली असतीस का? फक्त तो दादा कधीकधी ठासून खोटं सांगतो हे लक्षात ठेव, सन, नावं, पुस्तकं ही लायब्ररीत बघितल्याशिवाय घ्यायची नाहीत. शुद्धलेखनाचं मात्र सरांना विचारूनच कर, कारण भाषेच्या पेपरला शुद्धलेखनालाच मार्क असतील तर तिथं ते चालणार नाही, इतिहासाला चालेल. आणि मैत्रिणींचं ऐकू नको. फाईलीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिही, 'प्रकरण समजून घेण्यासाठी एआय वापरला, शुद्धलेखन त्याच्याकडून तपासलं, बाकी लिखाण माझं'. सांगून केलेल्याची भीती राहत नाही. स्वतःला तपासायचं असेल तर मोबाईल बंद कर आणि आईला स्वयंपाकघरात तो धडा सांग, आई विचारेल 'म्हणजे काय?', तिथं अडकलीस तर तेवढंच परत वाच.

खरं तर हा गोंधळ मुलीच्या डोक्यात असूच नये, तो आम्ही शिक्षकांनी केलाय. प्रश्नाच्या वर एक ओळ हवी, इथं एआय अजिबात नको, इथं फक्त कल्पना सुचवायला चालेल, इथं भाषा सुधारायला चालेल, इथं हवा तेवढा वापरा पण दाखवा. परदेशात संशोधकांनी अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टीच केली आहे, एआय असेसमेंट स्केल म्हणतात तिला. आपल्याला पाच पायऱ्या नकोत, तीन पुरे, पण मराठीत आणि फळ्यावर.

कोल्हापुरातल्या पॉलिटेक्निकचे एक लेक्चरर : प्रोग्रॅमिंगच्या जर्नलमधले सगळे प्रोग्रॅम एआय लिहून देतो, आणि चालतातही. मग प्रॅक्टिकलला विचारायचं काय?

चालणारा प्रोग्रॅम मागूच नका, तुम्हीच द्या. मुद्दाम एक चूक घालून द्या आणि विचारा की उत्तर कुठल्या इनपुटला चुकेल. किंवा त्याच्याच जर्नलमधला प्रोग्रॅम उघडा आणि म्हणा, आता हा दूध संकलनाच्या हिशोबाला लाव, फॅट बदलला की दर बदलतो, मशीनवर माझ्यासमोर दहा मिनिटांत बदल कर. ज्यानं एआयकडून घेऊन नीट समजून घेतलाय तो करेल, आणि त्याला मार्क द्या, त्यानं शिकलंय. बाकी तुमच्या प्रांतातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पन्हाळा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई : सातवीला 'माझा आवडता ऋतू' निबंध घरी दिला. दहा जणांचे एकसारखे आले. पालकच मोबाईलवरून काढून देतात, आणि वर म्हणतात की बाई, पोराचा निबंध छान झाला की नाही? आकारिकला, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला, मार्क कसे देऊ?

बाई, निबंध घरी देणं बंद करा. एवढं एक केलं तरी अर्धा त्रास संपेल. पालकांवर रागवू नका, दिवसभर शेतात राबून आलेल्या आईला पोराचा अभ्यास घ्यायचा म्हणजे काय ते कळत नाही, मोबाईल हाच तिला मदतीचा वाटतो, आणि पोराचं चांगलं व्हावं ह्याच पोटी ती ते करते. पालकसभेत एकदा सांगा, की मला चुकांचा निबंध पाहिजे, चुका दिसल्या तरच मी शिकवू शकते. ही पोरं लहानही आहेत, युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गात असली साधनं वापरायला किमान वय १३ असावं असं म्हटलंय, सातवीतली बरीचशी पोरं अजून तिथंच घुटमळतायत.

वर्गातच वीस मिनिटं द्या आणि विषय असा द्या की तो फक्त त्या पोराच्या घरात सापडेल. 'आज सकाळी आमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठलं आणि त्यानं काय केलं'. 'जोतिबाच्या यात्रेत मी गुलालात हरवलो तेव्हा'. 'आमची म्हैस पाय का मारते'. दहा ओळी पुरेत. दुसऱ्या दिवशी उभं राहून वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा, लिहिणाऱ्यानं त्या प्रश्नाचं उत्तर निबंधात घालून तो परत लिहायचा. आकारिकचे मार्क पहिल्या निबंधाला देऊ नका, पहिल्या आणि दुसऱ्यात काय भर पडली त्याला द्या, मग अडखळत लिहिणाऱ्या पोरालाही मार्क मिळवायला जागा राहते. दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवा, तपासणीला साहेब आले तर तेच दाखवा.

आणि जमलं तर म्हशीवरचे चार निबंध मला पाठवा, टाईप करून नकोत, पोरांच्याच अक्षरातले.